नसलेल्यांची हजेरी

रोह्याहून गाडीने कासूला उतरायचं आणि खाडीच्या दिशेने चालत सुटायचं, हा माझा रोजचा परिपाठ. शाळा एकशिक्षकी. म्हणजे शिकवणारी मी, घंटा देणारी मी आणि ताप आला तर तो अंगात घेऊन येणारीही मीच. रजा हा शिक्षकाचा हक्क आहे, असं नियमात लिहिलंय. त्या दिवशी कुलूप कोण उघडणार, ते लिहायचं राहून गेलंय.

त्या वर्षी खाडीचा बांध फुटून खांड गेली, शेतात खारं पाणी शिरलं आणि गावातली बिऱ्हाडं एकामागून एक वीटभट्ट्यांवर गेली. वर्गात एकच मुलगी उरली. बाकीच्यांची नावं पटावर होतीच, आणि पटावरचं नाव पुकारायचं हा आमचा शिरस्ता. मी पहिलं नाव पुकारलं.

"हजर बाई."

आवाज घोगरा, भट्टीवर गेलेल्या त्या मुलाचाच. दचकून वर पाहिलं, तर मुलगी एकटीच हाताची घडी घालून बसलेली.

"काय गो, हे काय?"

"तो भट्टीवर हाय ना बाई. मंग त्याचा कोन बोलंल?"

मी गैरहजेरीच मांडली, पण तिला गप्प केलं नाही. एवढ्या रिकाम्या खोलीत मलाही सोबत हवी होती. पुढे पुढे ती इतकं हुबेहूब बोलू लागली, की मी मान वर करेनाशी झाले. खोकणारी खोकायची, लाजणारी अर्धंच बोलायची. भरतीचं पाणी मागच्या भिंतीशी आलं की वर्ग भरल्यासारखा वाटे. भीती वाटायची, आणि सकाळी पुन्हा तेच ऐकावंसं वाटायचं.

पाहणीला आलेल्या साहेबांना मात्र एकच मूल दिसलं. शाळा बंद झाली, मी 'अतिरिक्त' ठरले.

"तुमच्या नोकरीला धक्का नाही, बाई," साहेब म्हणाले. खरंच नव्हता. मला पेणच्या मोठ्या शाळेत नेमलं. मुलीला शाळा मिळाली ती महामार्गापलीकडची.

"एकटी कशी धाडू तिला? त्यापरीस नेते संगती भट्टीवर," तिची आई म्हणाली. शिक्षण हा तिचा हक्क आहे, कायदा आहे, मी परोपरीने सांगितलं. ती ऐकत होती आणि भांडी बांधत होती.

पेणच्या वर्गात पोरांना बसायला जागा पुरत नाही. एकदा हजेरी घेता घेता, शेवटचं नाव झाल्यावर, सवयीने त्या मुलीचं नाव तोंडून गेलं.

"हजर बाई."

तिचाच आवाज. मी मागच्या बाकांपर्यंत नजर फिरवली. सगळी पोरं माझ्याकडे टकमक बघत होती. पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुम्हीच बोललात."