चौकटीशी थांबणारा सैनिक

जोनाथन अष्टमकर हा अष्टमी गावात उरलेल्या शेवटच्या दोन अष्टमकरांपैकी एक. दुसरी त्याची डेबोरा आत्या, आणि तिचाही पासपोर्ट आला होता. घराणं ज्यूंचं, त्यामुळे बाकीचे सगळे अष्टमकर एकेक करून इस्रायलला गेले होते आणि तिथून पत्रांत तांदळाच्या भाकरीच्या नावाने गळे काढत होते. जोनाथनला कुठेच जायचं नव्हतं. कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्यात जायचं, कॉम्प्युटर क्लासमध्ये कंपनीतल्या कारकुनांना टायपिंग शिकवायचं आणि क्लास सुटला की त्याच मशीनवर बाहुल्यांना हाडं बसवायची, एवढ्यावर स्वारी खूष होती.

हाडं म्हणजे खरोखर हाडंच. साल नव्याण्णव. बाजारात मिळणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये आपली माणसं, आपली घरं घुसवून नवा खेळ करायचा, त्याला मॉड म्हणत. जगभरातले रिकामटेकडे ते फुकट करत आणि आपल्या रिकामपणाला टीम म्हणत. या टीमचा प्रमुख स्टॉकहोमचा कुणी कॉलेजकुमार होता. सैनिकाचं शरीर ब्राझीलहून आलं, बंदूक कॅनडातून, आणि त्या मढ्याच्या आत हाडांचा सांगाडा घालून त्याला चालतं करायचं काम अष्टमीला आलं.

आत्याचा मुलगा सायमन इस्रायलमधल्या अश्दोदहून दर पत्रात लिहायचा, की इथे फॅक्टरीत नोकरी लावतो, बाहुल्या नाचवणं पुरे. जोनाथनने एकदा चिडून उत्तर पाठवलं, “खेळाच्या शेवटी माझं नाव जगभर दिसेल. नाही दिसलं तर पुढच्या विमानाने येतो.” असली वाक्यं माणूस रागात लिहितो आणि पोस्टखातं ती इमानेइतबारे पोचवतं. सायमनने विमानाची चौकशीसुद्धा करून ठेवली.

सैनिकाला चाल हवी होती. परदेशातले लोक कॅमेरा लावतात म्हणे. जोनाथनकडे आत्या होती.

“आते, जरा बाहेर जाऊन परत आत ये.”

“काय सांडलंय बाहेर?”

“काय नाय. तुझी चाल बघायचीय.”

“जन्मल्यापासून बघतोस, अजून पोट भरलं नाय?”

कुरकुरत का होईना, ती गेली आणि आली. डावा गुडघा दुखरा, म्हणून डावा पाय जपून टाकायची, त्यावर क्षणभर टेकायची, मग उजवा ओढून आणायची. जोनाथन एकेका पावलाचं चित्र काढून घेत होता. दुसऱ्या दिवशी आत्या ठेवणीतली साडी नेसून, केसांना तेल लावून हजर झाली. आपण एका चिलखतधारी मारेकऱ्यासाठी चालतोय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नाही, कारण तिला मजा येत होती.

पुढच्याच आठवड्यात ती निघाली. दाराच्या उजव्या चौकटीवर, प्रत्येक ज्यू घराला असते तशी, मेझुझाची तिरकी डबी होती, आत प्रार्थनेची गुंडाळी असलेली. सायमन म्हणाला होता, येताना काढून आण. आत्याने ऐकलं नाही. “जोन्या राहतोय तर डबी राहू दे,” ती म्हणाली. नेहमीसारखी डबीला बोटं लावून तिने ती ओठांना टेकवली आणि पनवेलच्या गाडीत बसली. जोनाथन मोठ्याने रडला, आणि क्लासमध्ये सर्दी झाल्याचं सांगितलं.

इंटरनेट पेणला होतं, त्याचा दोस्त निकेश याच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात. दुबईच्या मंडळांच्या ऑर्डरी येतात म्हणून निकेशने ते घेतलं होतं आणि दिवसभर त्यावर क्रिकेटचा स्कोअर बघत होता. जोनाथनने फ्लॉपी नेली, फाईल पाठवली. चार दिवसांनी निकेशने फोन करून त्याला बोलावून घेतलं आणि रंगाचे हात पुसत प्रमुखाचं उत्तर वाचून दाखवलं. चाल अप्रतिम आहे, अंगात वजन आहे, असा सैनिक आम्ही पाहिला नव्हता. फक्त एक बिघाड आहे. प्रत्येक दारात तो थांबतो, चौकटीला हात लावतो आणि बोटं चाटतो. तेवढ्यात खेळणारा त्याला गोळी घालतो. सोमवारपर्यंत काढा, नाहीतर दुसऱ्या कुणाची चाल घेऊ.

“बोटं चाटतो?” निकेश म्हणाला. “जोन्या, तू त्याला लोणचं दिलंस काय?”

जोनाथनला आधी कळेचना. दारातून जायचं म्हणजे तसंच जायचं. आत्याने प्रत्येक फेरीला केलं होतं आणि त्याने प्रत्येक वेळी उतरवून घेतलं होतं, गुडघा जसा उतरवला तसं. आपण वेगळं काही घातलं हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्याने निकेशच्या मशीनवर खेळ लावला. सैनिक डावा पाय जपत आला, चौकटीशी थांबला, बोटं ओठांना लावली आणि धाडकन पडला. दुसऱ्या दारात दुसरा पडला. आख्खं सैन्य श्रद्धेपायी मरत होतं.

“ठेव म्हणून सांग त्यांना,” निकेश म्हणाला. “चांगलं दिसतंय.”

निकेशला सांगायला काय जात होतं? त्याला विमानात बसायचं नव्हतं. जोनाथनने रोह्याला येऊन हाताचा तो भाग पुसून टाकला. काम सोपं निघालं. सैनिक आता न थांबता दारातून घुसायचा आणि समोरच्याला आडवा करायचा. प्रमुखाने शाबासकी दिली. खेळ निघाला आणि शेवटी झरझर सरकणाऱ्या नावांत जोनाथन अष्टमकर हे नाव दिसलं. त्याने ताबडतोब सायमनला कळवलं, खेळ इंटरनेटवर कुठून उतरवून घ्यायचा तेही कळवलं. आता कोण मला हलवतो बघू, अशा ऐटीत तो पुलावरून चालू लागला.

शनिवारी रात्री, शब्बाथचा विश्रांतीचा दिवस संपल्यावर, शेजारच्या महिपती वाण्याच्या दुकानात फोन आला. आत्या होती.

“सायमनने तुझा खेळ दाखवला रे. चाल माझीच हाय. लगेच वळखली. डावा पाय तस्साच टाकतो मेला.”

“व्हय आते.” जोनाथन फुलून गेला.

“हातात बंदूक का दिलीस ते मी नाय विचारत. पण तो दारातून गेला, तवा हात कुठं गेला त्याचा?”

महिपती साखर तोलत होता. जोनाथनने पाठ फिरवली.

“काढला आते. तिथं थांबला की मारतात त्याला.”

 

“मी तर जन्मभर थांबले,” आत्या म्हणाली. “मला नाय कुणी मारलं.”