बिनशेपटीची प्लेट

त्या देशाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही नकाशा उघडाल, अंतरं मोजाल आणि माझ्या निम्म्या गोष्टी जागच्या जागी मरतील. एवढं सांगतो की तिथे जमिनीखाली अमाप तेल आहे, जमिनीवर पाइप आहेत आणि त्या पाइपांकडे पंचवीस-तीस वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही. तरुणपणी मी तिथल्या एका पंपिंग स्टेशनवर अकरा महिने फिटर होतो. सांगताना त्याची चार वर्षं होतात. आखातात आयुष्य काढलेल्या रत्नागिरीच्या माणसाला एवढी सूट असते.

हल्ली मी दुखानला आहे. इथलं तेलक्षेत्र कतारमधलं सगळ्यात जुनं, आणि त्या क्षेत्रातला सगळ्यात जुना व्हॉल्व्ह म्हणजे मी. सकाळी उठताना माझे गुडघे असे करकरतात की शेजारच्या खोलीतल्या मल्याळी सुपरवायझरने घड्याळाचा गजर लावणं सोडून दिलंय. ऑगस्टात इथे पाना उन्हात ठेवला तर तोच घाम पुसायला चिंधी मागतो. अशा ठिकाणी माणूस दमतो, आणि दमलेला माणूस गोष्टी सांगतो. गोष्टीत तो दमलेला नसतो.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, मेसमध्ये बिर्याणी झाली, की कुणीतरी हमखास म्हणायचं, चाचा, ती प्लेटची सांगा.

प्लेटची म्हणजे काय, ते आधी सांगतो. पाइपलाइनवर काम करायचं असलं की दोन फ्लँजांच्या, म्हणजे पाइपांच्या तोंडावरच्या बोल्ट लावायच्या कड्यांच्या, मध्ये एक पोलादी प्लेट घालून लाइन बंद करतात, म्हणजे पलीकडून तेल येऊन कामावरच्या माणसाचा जीव जाऊ नये. काम झालं की प्लेट काढायची. तिला बाहेर डोकावणारी एक शेपटी ठेवतात, आत प्लेट आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. आमच्या स्टेशनवर तयार प्लेट नव्हती. मग एका मोडीत काढलेल्या टाकीच्या जाड पत्र्यातून गोल कापून घेतली, आणि कापणाऱ्याने घाईत शेपटी ठेवलीच नाही. ती प्लेट साखळीवर टांगून मी माझ्या हातांनी खड्ड्यातल्या एका जॉइंटमध्ये घातली. इथपर्यंत सगळं खरं आहे. इथून पुढे मेसमधली गोष्ट सुरू होते.

मेसमध्ये ती अशी होती. देशात गडबड सुरू झाली, पळा म्हणून हुकूम आला, सगळे बसमध्ये चढले. मला आठवलं, प्लेट राहिली. तसाच उलटा पळालो. समोर वाळूचं वादळ, हातात होडीच्या वल्ह्याएवढा पाना. एकट्याने बोल्ट सोडवले, प्लेट खांद्यावर टाकली आणि मागे लाइनमधून तेल असं घोंगावत गेलं की स्टेशनच्या भिंतींना घाम फुटला. मग पळत बस गाठली. काही वर्षांनी बसचा ट्रक झाला. मागच्या वर्षी हेलिकॉप्टर आलं.

ही गोष्ट ऐकत एक मुलगी मोठी झाली. तिचे वडील पुण्याचे, आमच्याच कंपनीत होते. शुक्रवारी तिला घेऊन मेसमध्ये यायचे. ती दोहातच जन्मलेली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. फक्त माझ्याशी मोडकंतोडकं मराठी, कारण गोष्ट मराठीत होती. आता ती दोहातल्याच वेस्ट बेमधल्या एका इंजिनिअरिंग ऑफिसात पाइपलाइनचं काम बघते. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. त्या देशाने आपला सगळा तेलउद्योग पुन्हा उभा करायला काढला होता आणि त्यातल्या चार स्टेशनांचं काम तिच्या ऑफिसकडे आलं होतं. म्हणाली, काका, त्यात तुमचं स्टेशन आहे, पण ड्रॉइंग एकही नाही. फायली जळाल्या, माहीतगार माणसं चार दिशांना पांगली. तुम्हाला काय काय आठवतं?

मी तिला सगळं सांगितलं. पंप कुठे, टाक्या कुठे, खड्ड्यातला जॉइंट कुठे. आणि त्या जॉइंटशी आलो तसा तोंडाने सवयीचा रस्ता धरला. प्लेटची सांगितली. हेलिकॉप्टर तेवढं गाळलं.

दोन महिन्यांनी तिने मला वेस्ट बेला बोलावलं. त्या देशाचे लोक आलेत, तुम्हाला भेटायचंय म्हणाली. कंपनीच्या गाडीने निघालो. ड्रायव्हर बीडचा, आमच्याच मेसमधला, गोष्टीचं जुनं गिऱ्हाईक. त्याने दुखान सोडायच्या आतच सुरुवात केली.

"काका, तुमचे बोल्ट वाढायलेत बरं का. मी आलो तवा सोळा होते. मागल्या रमजानात चाळीस झाले."

"तू मोजत बसतोस?"

"मग काय करू? गोष्ट पाठ झाली, आकडाच तेवढा नवा असतोय."

मी हसलो. त्या दिवसातलं ते शेवटचं हसणं.

ऑफिस इतक्या वर होतं की लिफ्टमध्ये माझे कान दोनदा बसले. खोलीत ती मुलगी होती आणि त्या देशाचे एक वयस्कर इंजिनिअर. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा पण उसवलेल्या कॉलरचा शर्ट. ते उठून उभे राहिले, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि अरबीत सावकाश बोलले, मला समजावं म्हणून. म्हणाले, आमचेच लोक पळून गेले होते, आणि तुम्ही परदेशी असून परत आलात.

मला शुक्रन, म्हणजे आभार, म्हणायचं होतं. त्याऐवजी मी हात सोडवून घेतला.

भिंतीवरच्या पडद्यावर ड्रॉइंग होतं. स्वच्छ, निळ्या रेघांचं. माझं स्टेशन. माझ्या तोंडातून निघालेलं सगळं तिथे मापं लावून उभं होतं. खड्ड्यातल्या जॉइंटवर तिने छोटा गोल करून लिहिलं होतं की इथली प्लेट काढलेली आहे, लाइन मोकळी आहे. आयुष्यभर मी थापा मारल्या, पण थापेचं ड्रॉइंग झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

मग ती पुढचं सांगायला लागली. उद्या सकाळी तात्पुरता पंप लावून लाइनमध्ये पाणी सोडायचं, आतला गाळ दुसऱ्या टोकाने बाहेर काढायचा. इंजिनिअर म्हणाले, जुने जॉइंट गंजून एकजीव झालेत, सगळे उघडत बसलो तर वर्ष जाईल, म्हणून फक्त संशयाचे उघडतोय. हा संशयाचा नाही. प्रेशरचा काटा खड्ड्यातच आहे, तेव्हा सहा माणसं खाली उभी राहतील. इन्शाल्ला, दुपारपर्यंत खलास.

त्यांना जे दिसत नव्हतं ते मला दिसलं. पाणी येणार, प्लेटला थडकणार, पुढे जायला जागा नाही. दाब चढत जाणार. पाइप तीस वर्षं गंजलेला. कुठेतरी फाटणार, आणि सहा माणसं त्याच्या कुशीत उभी.

मी पाणी प्यायला म्हणून उठलो. कूलरशी उभा राहून तीन ग्लास रिचवले. मला एकदम इतकं थकल्यासारखं झालं की तिथेच गालिच्यावर अंग टाकावंसं वाटलं. खरी हकीकत एका शब्दाची होती. बसमध्ये चढताना फोरमनने विचारलं होतं, काढलीस? मी म्हटलं, काढली. बस निघायची घाई होती, मी घाबरलो होतो, आणि परत जाऊन काढीन असा मी तेव्हा नव्हतो, नंतरही कधी झालो नाही. तो एक शब्द झाकायला मी वादळ आणलं, पाना आणला, बोल्ट वाढवले. दरवर्षी थोडी माती टाकत गेलो. आणि आता कुणीतरी त्या मातीवर घर बांधत होतं.

खोलीत परत आलो. ती पुढच्या टाकीवर गेली होती.

"प्लेट आत आहे," मी म्हणालो.

तिला वाटलं, मी गोष्ट सुरू केली. "काका, ती तर तुम्ही काढली ना?"

"नाही काढली."

"पण तुम्ही बॅक गेला होता. पळत."

"बसमधून उतरलोच नाही मी. ती तिथेच आहे. शेपटी नाही तिला, बाहेरून दिसणार नाही."

मग तिने वळून इंजिनिअरना इंग्रजीत सांगितलं. फार थोडक्यात, मला वाचवण्याचा काहीही प्रयत्न न करता. ते बरोबर केलं तिने. त्यांनी मला एकच विचारलं, बोल्ट किती आहेत. सोळा, मी म्हणालो. त्यांनी फोन लावला, खिडकीशी जाऊन बराच वेळ बोलले. परत येऊन बसले तेव्हा म्हणाले की उद्याचं पाणी थांबवलंय, आधी तो जॉइंट उघडू. माझ्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढून डोळे चोळले, आणि मला दिसलं की हा माणूस माझ्याहून दमलेला आहे. मला एक प्लेट विसरायची होती. त्यांना अख्खा देश आठवायचा होता.

लिफ्टपर्यंत ती सोडायला आली. "मी स्कूलमध्ये सांगितली होती ती स्टोरी," ती म्हणाली. "असेंब्लीमध्ये."

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. दुसऱ्यांदा मी सांगितलं.

चौथ्या दिवशी तिने फोटो पाठवला. वाळूवर पडलेली प्लेट, कडा खाल्लेल्या, अंगावर गंजाचे पापुद्रे. खाली इंजिनिअरांचा निरोप होता की प्लेटच्या अलीकडच्या पाइपाची जाडी मोजली, काही ठिकाणी पत्र्याच्या डब्याएवढीच उरलीय. ती सगळी लांबी बदलणार. माणसं ठीक आहेत. मी फोटो मोठा करून पाहिला. गोष्टीतली प्लेट खांद्यावर टाकण्याजोगी होती. ही उचलायला चार जण लागले असते.

त्याच शुक्रवारी ती दुखानला आली. सोबत कोरे कागद, एक पेन्सिल, एक पेन. म्हणाली, पहिलं ड्रॉइंग रद्द केलंय, आपण पहिल्यापासून करू. मेसमधल्या शेवटच्या टेबलावर बसलो. बिर्याणी नुकतीच संपली होती. मला बोलताना बघून लोक सवयीने खुर्च्या ओढून आले.

तिची पद्धत साधी होती. मी काही सांगितलं की ती विचारायची, हे पाहिलं की ऐकलं? ऐकलेलं, अंधुक आठवणारं सगळं पेन्सिलीने लिहायची. माहीत नसेल तिथे कागदावर नुसती रिकामी चौकट काढायची.

दोन नंबरच्या टाकीची शिडी कुठल्या बाजूला? माहीत नाही. नाल्याखालून लाइन जाते का? ऐकलं होतं. कंट्रोल रूमच्या मागे काय होतं? तिकडे मी कधी गेलोच नाही. चार वर्षांत? अकरा महिन्यांत. तिने मान वर न करता तेही पेन्सिलीने लिहिलं. मी म्हटलं, हे पेनने लिही, हे नक्की आहे. तिने लिहिलं.

एकेक करून माणसं उठायला लागली. कुणी रागाने नाही. गोष्ट नव्हती ती, उठणारच. शेवटी बीडवाला तेवढा उरला, कारण तिला दोहाला परत न्यायचं होतं. तोही घटकाभर ऐकून टेबलावर डोकं टेकून झोपला.

इतका मी कधी दमलो नव्हतो. वादळातून पळण्याला काही लागत नाही, एक दम घेतला की झालं. हे म्हणजे एकेक बोल्ट खरोखर सोडवणं होतं. कागदावर रिकाम्या चौकटींची रांग लागली होती. मला वाटलं, ती आता कागद गुंडाळेल.

"काका, थांबू या का?" तिने विचारलं.

"किती राहिलं?"

"आगीचा पंप. शेडमधला."

तो मला आठवत होता. हिरवा, डाव्या बाजूला हँडल. दर सोमवारी सकाळी मी तो चालू करून बघायचो, कारण ते कामच माझं होतं, आणि अकरा महिन्यांत एकही सोमवार चुकला नव्हता. कुणी कधी विचारलं नाही म्हणून मी ते कधी सांगितलंही नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

"पाहिलं की ऐकलं?" ती म्हणाली.

"पाहिलं," मी म्हणालो. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि पेनचं टोपण काढलं.