चौथी पाळ

तोकिलुपेच्या बुडाला खुर्ची कधी मानवलीच नाही. नर्सिंगच्या वर्गात सिस्टर मेलेनाइते फळ्यावर श्वासनळी काढायला लागल्या की हिचा उजवा पाय बाकाखाली शिवणयंत्रासारखा सुरू. माझी वही हलायची, अक्षरं वाकडी पडायची.

"आक्का, पाय आवर की."

"पाय माझा न्हाई, बाचा हाय. त्यो बी असाच व्हता."

आम्ही बाकीच्या पोरी विशीतल्या, ही चौतिसाची. आम्हा दोघींचं गाव एकच, वावाउ बेटाच्या उत्तर टोकाचं. बापाला मुलगा नव्हता, म्हणून लग्न असो की मयत, भुईतली भट्टी पेटली की डुक्कर फोडायला हीच. बाईमाणूस सुरी धरते म्हणून लोक नावं ठेवायचे आणि मांस मात्र बोटं चाटून खायचे. गावच्या दवाखान्याला दोन वर्षं कुलूप होतं. जुनी नर्स पोराकडं ऑकलंडला गेली ती गेलीच. मग लाविनिआ आत्यानं, म्हणजे हिच्या बापाच्या थोरल्या बहिणीनं, सांगून टाकलं, "तोके नर्स व्हईल." आमच्यात आत्या बोलली की विषय संपला. बापसुद्धा तिच्यापुढं मान वर करत नाही.

आणि ही बाई फुप्फुसावर दोनदा नापास झाली.

पहिल्यांदा चित्र झकास काढलं. उजव्या फुप्फुसाला चार पाळी, म्हणजे चार भाग, आणि श्वासनळी दुभंगायच्या आधीच उजवीकडं निघालेली एक जादा फांदी.

"हे फुप्फुस कुणाचं?" सिस्टरनं विचारलं.

"फुप्फुस ते फुप्फुस."

"कुणाचं, बाई?"

तिनं जरा विचार केला. "डुकराचं असंल."

वर्गात हशा पिकला. माणसाला उजवीकडं तीन, आणि डावीकडं हृदयाला जागा द्यायची म्हणून दोनच पाळी असतात. त्या दिवसापासून हॉस्टेलात हिचं नाव पडलं 'चौथी पाळ'.

दुसऱ्यांदा तीन आणि दोन बरोबर आलं, पण बाजू उलट्या. डुकराच्या डोक्याकडं बसून पोट फोडायची सवय. तिथून जनावराची उजवी तीच आपली उजवी. माणूस तोंडासमोर उभा राहिला की हे फिरतं, ते काही तिच्या हाताला पटेना.

तिसरी परीक्षा शेवटची. नापास, तर बोटीनं घरी, आणि दवाखान्याचं कुलूप तसंच.

परीक्षेच्या सोमवारी ती सकाळपासून चार वेळा मोरीला जाऊन आली. ताटलीतला कसावा तसाच राहिला. कमरेच्या विणलेल्या पट्ट्याचा एकेक धागा उपसत वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालत होती.

"आक्का, परीक्षेपर्यंत पट्टा उरंल का?"

"नापास झाले तर नागडीच बोटीत बसंन. तुला काय?"

तोंडी परीक्षा वॉर्डात होती, म्हाताऱ्या केफूच्या खाटेशी. मी शेजारच्या खाटेवर चादर बदलत होते. केफू मासेमार. हर्नियाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. सकाळपासून त्यानं उच्छाद मांडलेला. उशी फेक, पाय झाड, चादरीचे धागे ओढ. "माझी लुंगी आणा! जाळं पाण्यात हाय माझं!" म्हातारा खडूस आहे, असं म्हणून सगळ्याजणी लांबूनच चालल्या होत्या. तक्त्यात त्याचे श्वास मिनिटाला अठरा, अठरा, अठरा. आम्ही सगळ्याच अठरा लिहायचो. मिनिटभर छातीकडं बघत कोण उभं राहतंय?

"सांग, उजव्या फुप्फुसाला पाळी किती?" सिस्टरनं सुरू केलं.

हिची नजर केफूच्या बोटांवर.

"तोकिलुपे?"

"सिस्टर, वाईच थांबा."

परीक्षकालाच थांबा! माझ्या हातची उशी खाली पडली.

तिनं केफूचं मनगट धरलं. "आजोबा, नाडी बघते." नाडी कसली! श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस लगेच शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो, म्हणून मनगट धरून छाती मोजायची, हे सिस्टरनंच शिकवलेलं. आणि तोकिलुपेचा पाय थांबला. ती अशी निश्चल झालेली मी गावात तेवढी पाहिली होती. सुरी फिरल्यावर डुकराचं पोट शेवटचं कधी हलतंय ते बघताना. पुरतं एक मिनिट.

"बत्तीस."

"तक्त्यात अठरा आहे."

"तक्त्यात काय बी असंल. ह्यो खडूसपना न्हाई, सिस्टर. ह्याला हवा कमी पडतीया. माझ्यासारखाच चाळा करतोय बघा. पर मला परीक्षेचं भ्या हाय, ह्याला कशाचं हाय?"

बोलता बोलता तिनं म्हाताऱ्याला बसता केला आणि स्टेथोस्कोपची नळी पाठीला लावली. पाठीमागून त्याची उजवी तीच हिची उजवी. तिथं गफलत होणार नव्हती.

"उजवीकडं खाली कायच वाजत न्हाई. खालची पाळ बंद हाय."

सिस्टरनं स्वतः ऐकलं. मग खाटेची डोक्याकडची बाजू वर चढवली आणि मला म्हणाल्या, "पळ, डॉक्टर!" ऑक्सिजन आला, छातीचा फोटो निघाला. कफ अडकून खालची पाळ बसली होती. दुपारपर्यंत केफू ना जाळं मागत होता, ना लुंगी.

सिस्टर परत आल्या. "परीक्षा राहिलीय. पाळी किती?"

"कुणाच्या?"

"तोकिलुपे!"

"उजवीकडं तीन, डावीकडं दोन."

"कुठली उजवी?"

"त्याची. माझी न्हाई."

सिस्टरनं पास म्हणून सही केली. पेनाला टोपण लावता लावता हळूच विचारलं, "डुकराला ती जादा फांदी खरंच असते?"

"पुढच्या मयताला या गावाला. दावते."

गावच्या दवाखान्याचं कुलूप गंजलेलं, ते फोडावंच लागलं. पहिला मान आत्याचा. तोकिलुपेनं तिचं मनगट धरलं. "आत्या, नाडी बघते."

"मला शिकवू नकोस. छाती बघतीयास. गावाला ठावं हाय ते." आणि आत्यानं श्वास रोखून धरला.

तोकिलुपे हटली नाही. पाय तेवढा थडथड हलत होता. शेवटी आत्याच दमली, फुस्सकन श्वास सोडला आणि दारातून दिसणाऱ्या शेजारणीच्या डुकरांना शिव्या द्यायला लागली. त्या नादात हिचं मोजून झालं.

वहीत तिनं लिहिलं, सोळा.