एका आईची विनंती

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो गेला तेव्हाही हे पोटात ठेवूनच त्याला निरोप दिला. पाळकसाहेबांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं काय. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ वळायची नाही.

आधी माझा स्वभाव सांगते. ठाण्याच्या कोर्टात मी एकतीस वर्षं स्टेनो होते. साक्षीदार बोलायचा, मी टिपायचे. इतकी वर्षं लोकांचं खोटं शब्दन्‌शब्द टाइप केल्यावर माणसाचं काय होतं, माहितेय? कोणी खरं बोललं तरी मनात येतं — हं, पुढे? रिटायर झाले, पण कान काही रिटायर झाले नाहीत. दूधवाला म्हणाला म्हैस आजारी आहे, की मी विचारणार, काय झालंय तिला, डॉक्टर कोण? मुलगा बंगळूरहून म्हणाला, आई, मीटिंगमध्ये आहे — मग मागे कुकरची शिट्टी कशी वाजली रे? असली मी. घरचे हसायचे. मला त्याचा थोडा अभिमान होता. थोडा कशाला, चांगलाच होता.

आम्ही ख्रिस्ती. कल्याणात आमची लहानशी मंडळी आहे, सगळे एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतात. महिलांच्या प्रार्थनेची सचिव मी. म्हणजे काम काय, तर प्रार्थना-विनंत्या गोळा करायच्या. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या सुनेला दिवस जात नाहीत, कोणाचा मुलगा दारू पितो — बायका मला फोन करून सांगायच्या आणि मी गुरुवारी चार वाजता त्या वाचून दाखवायचे. नाव घ्यायचं नाही, ही आमची जुनी रीत. ‘एका बहिणीची विनंती’, ‘एका पत्नीची विनंती’, एवढंच. कोणाची म्हणून कोणी विचारायचं नाही. ओळखायचे सगळेच, पण विचारायचं नाही. आणि एकदा का विनंती वाचली, की ती खरीच. देवासमोर ठेवलेल्या गोष्टीची कोणी उलटतपासणी घेतं का?

शोभा माझी शेजारीण. एका मजल्यावर आमची दारं समोरासमोर, आणि बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडणाऱ्या. तिचा नवरा जवळच्या मोहन्याच्या कारखान्यात होता, तो लवकर गेला. मागे एकुलती एक एस्तेर. ही पोर लहानपणापासून एकच धोशा लावून होती — मी मिशनवर जाणार. आम्ही म्हणायचो, जाशील गं बाई, आधी अकरावीचं गणित तरी सोडव. पण ती गेली. चोविसाव्या वर्षी, टांझानियात, एका मिशनच्या शाळेत, दोन वर्षांसाठी. निरोपाच्या उपासनेला सगळ्या चर्चने रडून घेतलं. रविवारच्या शब्बाथ शाळेतल्या पोरांनी तिच्या गळ्यात कागदाच्या फुलांचा हार घातला. मीही रडले. ती मला फार आवडायची, हे मुद्दाम सांगते. मत्सर होता म्हणून केलं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण नव्हता.

पाचव्या महिन्यात ती परत आली.

कोरोनाचे दिवस. विमानं बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात एक टॅक्सी बिल्डिंगखाली थांबली आणि एस्तेर उतरली. हातावर क्वारंटाइनचा शिक्का, अंगात ढगळ गाऊन, नजर खाली. मी गॅलरीतून हाक मारली, अगं, अशी अचानक? तिने नुसता हात हलवला. शोभाने दाराच्या फटीतून सांगितलं, मिशनने पाठवलं, रोगाची साथ आहे ना. आणि दार लावून घेतलं.

झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली. साथ आहे, मान्य. पण तिच्याबरोबर नगरची एक मुलगी गेली होती, ती का नाही आली? मी नगरला फोन लावून खात्री करून घेतली — ती तिथेच होती, मजेत. मग हिलाच का धाडली? चौदा दिवस झाले, शिक्का पुसला, तरी पोर दाराबाहेर पाऊल टाकेना. आणि मग रोज सकाळी डक्टमधून आवाज यायला लागला. ओकारीचा. रोज. नेमाने. मी ब्रश तोंडात धरून उभी राहायचे — हो, मुद्दाम उभी राहायचे, आता लपवून काय करू? शोभाने भाजीवाल्याकडून कैऱ्या मागवल्या. एप्रिलमध्ये कैऱ्या कोण मागवत नाही? मीही त्याच टोपलीतल्या घेतल्या होत्या! पण माझ्या कैऱ्या लोणच्याच्या आणि शोभाच्या कैऱ्या पुराव्याच्या.

माझा निकाल लागला होता. पोर पोटुशी आहे. मिशनने हाकलली आहे. आणि शोभा माझ्यापासून लपवतेय — माझ्यापासून! याचाच जास्त राग आला, खरं सांगायचं तर.

विचारायचं होतं ना सरळ? दोन पावलांवर दार होतं. पण विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि ते नाही मला मानावं लागलं असतं. मला कळलंय, हे मला कोणाला तरी कळवायचं होतं. आमच्याकडे चहाड्या करणारी बाई वाईट. मी कधीच चहाडी केली नाही हो. मी प्रार्थना केली.

त्या दिवसांत महिलांची प्रार्थना फोनवर चालायची, कॉन्फरन्स कॉलवर. त्या गुरुवारी माझ्याकडे सहा विनंत्या आल्या होत्या. मी सात वाचल्या. सातवी कोणी दिलीच नव्हती, ती मी बनवली. “एका आईची विनंती आहे,” मी वाचलं, “तिची मुलगी दूरदेशाहून अचानक घरी आली आहे. तिचं पाऊल घसरलं आहे. लेकीला क्षमा मिळावी आणि आईला हे लपवण्याचं ओझं उतरवता यावं.”

आईच्या तोंडी घातलं मी. कळतंय ना, मी काय केलं? ‘सरोज म्हणते’ असं माझ्या नावावर सांगितलं असतं, तर चार जणींनी म्हटलं असतं, जाऊ दे, तिला सवयच आहे. पण खुद्द आईच म्हणते म्हटल्यावर शंकेला जागाच कुठे उरली? मग बावीस बायकांनी आमेन म्हटलं.

शोभाही होती त्या फोनवर. तिनेही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दारात भेटली तर म्हणते, “सरोज, कोण गं ती बिचारी? दुबई-मस्कतहून आलेली असेल कोणाची तरी. नाव नको सांगूस, पण तिला निरोप दे — मी रोज तिच्या लेकीसाठी प्रार्थना करतेय.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मला काय वाटलं असेल? वाटलं, काय कसलेली नटी आहे ही! तिच्या मनात तो विचार शिवलाच नाही, कारण तिच्या घरात तसं काही नव्हतंच — एवढी साधी गोष्ट एकतीस वर्षं कोर्टात बसलेल्या बाईला सुचली नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मंडळीत कोणी चकार शब्द काढला नाही. आमचे लोक फार सभ्य. फक्त शोभाला फोन कमी झाले. शब्बाथ शाळेच्या ऑनलाइन वर्गासाठी एस्तेरने नाव दिलं, तर कळवलं गेलं की शिक्षक पुरेसे आहेत. दोनच होते. सात-आठ महिने उलटले, पोर काही बाळंत झाली नाही, तेव्हा त्याच सभ्य लोकांनी मनातल्या मनात त्याचाही अर्थ लावला. तो तर अधिकच वाईट.

खरं काय होतं ते मला गणपतीच्या सुमारास कळलं. शोभानेच सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात बसून. एस्तेरला तिकडे खोकला लागला होता. मिशनच्या डॉक्टरने फोटो काढला, तर छातीत डाग — टीबी. साथीत अशी छाती घेऊन तिथे राहणं धोक्याचं, म्हणून मिळेल त्या विमानाने तिला पाठवलं. नगरची मुलगी धडधाकट होती, म्हणून राहिली. टीबीच्या गोळ्या पोटात ठरत नव्हत्या, त्या ओकाऱ्या. अंग इतकं उतरलं होतं की जुने कपडे लोंबायचे, म्हणून गाऊन. “खोकला म्हटलं असतं तर सोसायटीने आम्हाला जिन्यातही उभं केलं नसतं,” शोभा म्हणाली. “तुला तेवढं सांगतेय. आता बरी आहे गं. कोर्स संपत आला.”

कैऱ्या मात्र कैऱ्याच होत्या.

मी काय केलं? तिला चहा दिला. पाठीवरून हात फिरवला. बरं झालं बाई, म्हटलं. त्याच वेळी बोलले असते तर? पुढच्या गुरुवारी एक वाक्य वाचायचं होतं — ती विनंती खोटी होती, मी केली होती. बस. पण तेव्हा मनात काय आलं, तर शोभाला कळणार तरी कसं, विनंत्यांना नाव नसतंच! हायसं वाटलं मला. शी! सांगतानाही लाज वाटते, पण हायसंच वाटलं.

पुढच्या वर्षी मिशनचं पत्र आलं. एस्तेर पूर्ण बरी आहे, डॉक्टरचा दाखला आहे, शाळा तिला परत बोलवायला तयार आहे. फक्त तिच्या चर्चने शिफारस द्यावी. रीत आहे, चर्चच्या शिफारशीशिवाय मिशन कोणाला पाठवत नाही. चर्चच्या कमिटीची बैठक भरली, तिचा वृत्तान्त मीच लिहायचे. सात जण, मास्क लावून, लांब लांब खुर्च्यांवर. पाळकसाहेबांनी पत्र वाचलं. एक काका म्हणाले, पोरीच्या आईला आधाराची गरज आहे. दुसरे म्हणाले, घाई नको. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेजारीण. मी घरातल्यासारखी. मला सगळं ठाऊक.

आणि होतं ना ठाऊक! त्या खोलीत खरं ठाऊक असलेली मी एकटीच होते. टीबी होता, दुसरं काही नव्हतं — एवढंच बोलायचं होतं. पण त्यावर पहिला प्रश्न आला असता, मग ती आईची विनंती? आई असं कशाला म्हणेल? आणि ते शोभापर्यंत गेलं असतं. मी टेबलाकडे बघत मान हलवली. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही, नुसती हलवली. ज्याला जे वाचायचं ते त्याने वाचलं. मग मीच वही उघडून ठराव लिहिला — शिफारस तूर्त देता येत नाही. अक्षर छान आहे माझं. सगळे वाखाणतात.

एस्तेर त्याच संध्याकाळी माझ्याकडे आली. रडली नाही. सोफ्याच्या कडेवर बसली आणि म्हणाली, “मावशी, माझं काय चुकलं ते कोणी सांगेल का मला? सांगितलं तर मी सुधारेन.”

मी म्हटलं, “देवाची इच्छा नसेल, बाळा.”

ती उठली. मग म्हणाली, “त्याने मला एकदा तरी सांगायचं होतं.”

आता ती डोंबिवलीत एका क्लासमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांना शिकवते. चांगली शिकवते म्हणतात. ठरावानंतरच्या रविवारी ती चर्चला आली नाही. पुढच्याही नाही. आता तर वर्षं झाली. शोभा एकटीच येते, माझ्या शेजारी बसते. एस्तेर प्रार्थना करत नाही, जेवणाआधीसुद्धा नाही, असं शोभा एकदा म्हणाली. ज्याच्यासाठी सगळं सोडून निघाले, त्यालाच मी नको होते — असं तिला वाटतं.

त्याने तिला काहीच म्हटलेलं नव्हतं. नाही म्हणणारी मी होते.