रिकाम्या सेंट्रिफ्यूजची नोंद

आजी प्रोफेसर होती आणि आयुष्यभर हलणाऱ्या वस्तूंचा अभ्यास करत होती, असं सांगितलं की तुम्ही दोघं नातवंडं व्हिडिओ कॉलवर हसता. पण मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधला माझा विषय तोच, डायनॅमिक्स. फिरणारा दांडा कोणत्या वेगाला थरथरू लागतो, यावर मी पीएच.डी. केली आणि पुढे पालघरला शिकवलं. विद्यार्थ्यांना माझी एक सक्त ताकीद असे: नोंदवहीत एकही रकाना कोरा सोडायचा नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी बोईसरच्या एका कारखान्याने सेंट्रिफ्यूज तपासायला बोलावलं. कपडे पिळणाऱ्या वॉशिंग मशीनसारखंच यंत्र, फक्त माणसाएवढं उंच. ओली पावडर त्यात पिळून निघते. मी गेले तो दसऱ्याचा दुसरा दिवस. कामगारांनी यंत्र धुऊन, ग्रीस भरून, बोल्ट आवळून पूजा केली होती. झेंडूचा हार अजून होता. मी सेन्सर लावले. कंपनं अगदी कमी आली. यंत्र किती निगुतीने ठेवलंय, असं मनाशी म्हणत मी अहवालावर सही केली.

चार दिवसांनी वर्गात उदाहरण द्यायला तीच वही उघडली. तारीख, वेळ, वेग, सगळं माझ्या नीट अक्षरात. ‘भार’ हा रकाना मात्र कोरा.

फळ्यासमोरच मी खडू खाली ठेवला. सणामुळे उत्पादन बंद होतं. मी रिकामं यंत्र मोजलं होतं. ओला माल एका बाजूला साचला की ड्रम कसा हेलकावतो, हे मला पुरतं ठाऊक होतं. माझा प्रबंधच त्यावर होता.

व्यवस्थापकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमच्या सहीवरच तर वेग वाढवलाय.” बॅच संपू दे, मग बघू, असंही म्हणाले.

मी वर्ग सोडला आणि रिक्षा केली. रस्ताभर ट्रकांच्या मागे अडकत होतो, आणि त्या यंत्राजवळ आत्ता कोण उभं असेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ऑपरेटर उभा होता. मनोरकडच्या डोंगरगावातला, पन्नाशीचा. त्याचा चहाचा ग्लास बेअरिंगच्या कव्हरवर होता. माझ्या डोळ्यांदेखत ग्लास काठाकडे सरकला. त्याने न बघताच तो मागे ओढला.

हे कधीपासून, मी विचारलं.

“माल भरला का गिलास चालतो, बाई. मशिन रिकामं असलं का नाय.”

“मग त्या दिवशी सांगितलं का नाही?”

“तुमी मला कुठं इचारलं? तुमी मशिनलाच इचारत होता.”

मी म्हटलं, बंद करा. त्याने व्यवस्थापकांच्या केबिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बटण दाबलं.

खरी भीती त्यानंतरची. वेग उतरताना यंत्र त्याच्या सगळ्यात वाईट, सगळ्यात जास्त थरथरण्याच्या वेगातून जातं, हे मी किती वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. मी त्याचा दंड धरून त्याला खांबामागे ओढलं. जमीन पायाखाली थरथरली, ग्लास खाली फुटला. मग हळूहळू सगळं थांबलं.

उघडल्यावर दांड्याच्या बुडाशी केसाएवढी भेग दिसली. दांडा थांबला तेव्हा ती सरळ ऑपरेटरच्या उभं राहण्याच्या जागेकडे तोंड करून होती. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं आणि काचा गोळा करायला बसला.

वही कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. ‘भार’चा तो रकाना मी मागाहून भरला नाही.