सुनंदाच्या शेजारचा पाट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट कळत नाही.

मी औरादला हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवतो. समतेचा धडा माझा तोंडपाठ. आमचं घर लिंगायत; माणसामाणसांत भेद करायचा नाही, हे सांगताना मला पुस्तकही उघडावं लागत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — ही म्हण माझ्यासाठीच केलेली असावी.

माझी धाकटी बहीण सुनंदा बीदरला राहते, तिथल्याच कोळार वसाहतीतल्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तिच्याबरोबर वैजयंता राहते. मैत्रीण — असं आम्ही लोकांना सांगतो. सुनंदानं मात्र मला एकदा सरळ सांगितलं होतं, की अण्णा, माझा संसार हिच्याशीच आहे. मी ऐकून घेतलं, चहा संपवला आणि उठलो. रागावलो नाही. त्याचाच मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

आमच्या घराण्यात नवरीला पहिली हळद आत्या लावते. पण जोडीनं. आत्या आणि तिचा नवरा शेजारीशेजारी पाटावर बसतात, त्यांना आहेर होतो, मग हळद. आत्या एकटी असली तर शेजारच्या पाटावर नारळ ठेवतात. भावकीतल्या प्रत्येक लग्नात सुनंदा अशीच बसत आली. माझ्या पोरीचं, अश्विनीचं, लग्न ठरलं तेव्हा ती घरी आली आणि म्हणाली,

“किती वर्षं नारळाशेजारी बसू, अण्णा? यंदा वैजू बसंल.”

मी काय म्हणालो असेन? तेव्हा दिल्लीच्या मोठ्या कोर्टात अशाच लग्नांचा खटला चालू होता. टीव्हीवर रोज भांडणं. कुणी म्हणायचं, ही सगळी शहरातल्या श्रीमंतांची थेरं. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर हशा व्हायचा, आणि मीही हसायचो — माझी बहीण कोळारला गोळ्यांची खोकी भरत असताना. तर मी सुनंदाला म्हणालो, निकाल लागू दे. कायद्यानं हो म्हटलं, की तुम्हा दोघींना मी स्वतः पाटावर बसवतो.

केवढी खूश झाली ती. दोघी कामावरून आल्या की बातम्या लावून बसायच्या. वैजयंतानं हळदीसाठी हिरवी साडीसुद्धा घेऊन ठेवली. आणि मी? मी रोज सकाळी इष्टलिंग हातावर घेऊन पूजेला बसायचो — आणि काय मागायचो? निकाल त्यांच्या विरुद्ध जाऊ दे. रोज. न चुकता.

तसाच गेला. लग्नाचा हक्क द्यायचा की नाही ते संसदेनं ठरवावं, ते कोर्टाचं काम नाही — असं काहीसं. मी बीदरला गेलो. दोघी न जेवता बसल्या होत्या. मी सुनंदाच्या डोक्यावर हात ठेवला, फार वाईट झालं म्हणालो, आणि आतून — आतून मला हलकं वाटत होतं. सुटलो एकदाचा! आता माझ्या हातात काही उरलंच नव्हतं, नाही का? एवढ्या मोठ्या कोर्टापुढं शाळामास्तर काय करणार?

सुनंदानं डोळे पुसले.

“कोर्टानं लग्नाला न्हाई म्हणलंय, अण्णा. तुझ्या पाटावर बसायला कुठं न्हाई म्हणलंय?”

मग मी खोटं बोललो. विहीणबाईंना तुमचं कळलंय म्हणालो, वैजयंता मांडवात दिसली तर लग्न मोडू म्हणतात. विहीणबाई असं काही — एक अक्षरही — बोलल्या नव्हत्या. मुलगी पाहायला आल्या त्या दिवशी त्या सुनंदाच्याच घरी उतरल्या होत्या, वैजयंताच्या हातची भजी मागून मागून खाल्ली होती. त्यांना काय कळलं होतं, काय नाही, मी विचारलंच नाही. विचारलं असतं आणि त्या ‘बसू द्या की’ म्हणाल्या असत्या तर? मला भीती होती ती त्याचीच.

वैजयंता चिडली नाही. पोरीचं लग्न मोडायला नको म्हणाली आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली. तो चहा मी प्यायलो.

हळदीला सुनंदा एकटी आली. नारळ मीच ठेवला. तेवढ्यात विहीणबाई नवऱ्याकडची हळद घेऊन मांडवात शिरल्या, इकडंतिकडं बघितलं आणि सगळ्यांसमोर सुनंदालाच विचारलं,

“दुसऱ्या अक्का कामून आल्या न्हाईत? मास्तरला बजावून सांगितलं होतं की मी, दोघींनाबी आणा म्हणून.”

सांगितलं होतं खरंच, मी बीदरहून परतल्यावर. सुनंदानं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं — ते तिच्या तोंडावर दिसत होतं. अजूनही वेळ गेली नव्हती. मी चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. बीदरहून वैजयंताला आणायला गाडी पाठवता आली असती. मी आहेराचं ताट हातात धरून उभा राहिलो.

“ताप हाय तिला,” सुनंदा म्हणाली. “अण्णानंच सकाळी दवाखान्यात नेलतं.”

असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं विहीणबाई म्हणाल्या. मी मान डोलावली.