कान तुटलेला कप
चाकणच्या बाजारावरून जाताना कांद्याचा उग्र वास आला की मला तिथलीच माहेरची ओसरी आठवते. जातीबाहेर लग्न केल्यावर नवऱ्याला पहिल्यांदाच तिथे नेलं होतं. चुलतीने सगळ्यांना स्टीलच्या कपात चहा दिला आणि त्याला मात्र वळचणीला ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. तो कप फक्त त्याच्या जातीच्या माणसांसाठी असायचा. मी ताडकन उठणार, तोच वडिलांपुढे कधी तोंड न उघडणाऱ्या आईने तो कप त्याच्या हातातून घेतला, स्वतःचा त्याला दिला आणि सगळ्यांदेखत जोरात भुरका मारला. “जावई हाय माझा. त्याच्यानं घर बाटत असंल तर आता मी बी बाटले. काढा मला बाहेर!” निघताना तो कप मी पुनावळ्याला आमच्या घरी घेऊन आले. अजूनही आई-वडील आले की आई चहा त्यातच मागते, आणि त्यातलाच थोडा वडिलांना बशीत ओतून देते.